दाब किती द्यावा

नाशिकरोड स्थानकाबाहेर रिक्षात बसून ‘प्रेसला चला’ एवढेच सांगितले, तर रिक्षावाल्याच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्राची कचेरी येत नाही. तो विचारतो, ‘आयएसपी की सीएनपी?’ पहिला म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस, जिथे टपाल तिकिटे, मुद्रांक आणि पासपोर्ट छापले जातात, आणि दुसरा म्हणजे करन्सी नोट प्रेस, जिथून नोटा बाहेर पडतात. गांधीनगरला केंद्र सरकारचे आणखी एक मुद्रणालय आहे आणि आसपासचे लोक त्यालाही प्रेसच म्हणतात. लग्न जमवताना ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ असे इकडे कोणी म्हटले, की मुलीकडच्यांना हायसे वाटते. हेच वाक्य पुण्यात उच्चारले, तर मुलगा बातमीदार असावा असे समजून पुढची चौकशी जरा जपून केली जाते. मोटारसायकलच्या नंबरपट्टीजवळ लाल अक्षरांत रंगवलेला प्रेस निराळाच, त्याचा बातमीशी संबंध असेलच असे नाही. आणि गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनरींमध्ये द्राक्षांचा रस काढणारे जे यंत्र असते, त्याचेही नाव प्रेस. एका शहरात एका परक्या शब्दाने इतकी बिऱ्हाडे थाटावीत याचे मला फार दिवस कुतूहल होते, आणि त्या बिऱ्हाडांचे आपसातले नाते शोधू लागल्यावर ते वाढतच गेले.

लॅटिनमध्ये ‘प्रेमेरे’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ दाबणे. त्याच्याच रूपापासून ‘प्रेसारे’, म्हणजे जोराने किंवा पुन्हा पुन्हा दाबणे, हे क्रियापद झाले, आणि ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत उतरले. गंमत अशी, की इंग्रजीत तेराव्या शतकात हा शब्द रुजू लागला तेव्हा तो यंत्राचा वाचक नव्हता. त्याचा एक अगदी आरंभीचा अर्थ गर्दी असा आहे, आणि तीही रणांगणातली किंवा बाजारातली अशी गर्दी, जिच्यात माणसाला माणसाचा दाब लागतो. छापखाना, वर्तमानपत्र, पत्रकार हे सगळे पुष्कळ नंतरचे.

हा सर्वांत जुना अर्थ नाशिककरांना कोशात पाहण्याची गरज नाही. सिंहस्थात रामकुंडाकडे उतरणारे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ठाऊक आहे की एका मर्यादेपलीकडे गर्दीतल्या माणसाचे पाय त्याचे राहत नाहीत. मागचा दाब पुढच्याच्या पाठीत उतरतो आणि तो कोणी दिला हे कोणालाच सांगता येत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी गोदाकाठाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. चेंगरणे हे आपले क्रियापद आणि इंग्रजीतला तो जुना प्रेस यांचा उगम वेगळा असला, तरी दोन्ही शब्द गर्दीला तिच्या आकारावरून ओळखत नाहीत, ती अंगावर काय करते यावरून ओळखतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या नियोजनात घाट रुंद करणे आणि येण्याजाण्याचे मार्ग वेगळे ठेवणे यांवर जी चर्चा चालते, ती अखेर या एकाच प्रश्नावर येते: दर चौरस मीटरमागे माणसांचा दाब किती होऊ द्यायचा.

यंत्राकडे वळायचे तर द्राक्षांपासून सुरुवात करावी लागते. द्राक्षे पायांनी तुडवून रस काढण्याची रीत फार जुनी आहे, परंतु तुडवल्यानंतर उरलेल्या सालींच्या चोथ्यात पुष्कळ रस शिल्लक राहतो, आणि तो काढण्यासाठी रोमन लोक लांबलचक लाकडी तुळई वापरीत. तुळईचे एक टोक भिंतीत अडकवायचे, दुसरे दोरांनी खाली ओढायचे, आणि मधल्या चोथ्यावर भार येऊ द्यायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने या दाबयंत्रांचे वर्णन केले आहे, आणि त्यात मळसूत्र वापरणारी नवी पद्धतही त्याने नोंदवली आहे. मळसूत्र आले आणि तुळईचा पसारा कमी झाला. उभ्या लाकडी खांबांमध्ये एक जाड आटे पाडलेला दांडा, त्याखाली सपाट फळी, दांडा फिरवला की फळी खाली येते. द्राक्षे, ऑलिव्ह, कापड, ओला कागद अशा ज्या ज्या वस्तू पिळून, दाबून किंवा सपाट करून घ्यायच्या असत, त्या सर्वांना युरोपात पुढची अनेक शतके हेच यंत्र पुरले.

आज नाशिक जिल्ह्यातल्या वाइनरींमध्ये मळसूत्र फारसे दिसत नाही. तिथे स्टेनलेस स्टीलचा मोठा आडवा पिंप असतो, त्याच्या आत रबरी पडदा असतो, आणि त्या पडद्यामागे हवा भरत गेली की तो फुगून द्राक्षांना पिंपाच्या जाळीदार भिंतीवर हळूहळू दाबतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आंबवण्याच्या आधीच दाबली जातात. तांबड्या वाइनचा रंग सालीत असतो, म्हणून ती सालींसकट आंबवून मग दाबतात. काही रस दाब देण्यापूर्वी, द्राक्षांच्या स्वतःच्याच भाराने गळतो, आणि तो जाणकार वेगळा राखतात. त्यानंतर दाब टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात, आणि केव्हा थांबायचे हे ठरवण्यात सगळे कौशल्य असते, कारण हावरेपणाने शेवटचा थेंबही काढू गेल्यास साली आणि बिया यांतला तुरट, कडवट अंश रसात उतरतो. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला यात नवल वाटणार नाही. थॉमसनचा घड क्रेटमध्ये भरताना बोटांचा दाब किती असावा याचा विचार त्याच्या घरातल्या बाया रोजच करतात.

राइन नदीकाठचे माइन्त्स हे शहर द्राक्षांच्या मळ्यांच्या मुलखात आहे. योहान गुटेनबर्गने १४५० च्या सुमारास तिथे अक्षरांचे सुटे खिळे, म्हणजे धातूचे ठसे, ओतून छपाई सुरू केली, तेव्हा कागदावर शाई उमटवण्यासाठी लागणारे यंत्र त्याला नव्याने शोधावे लागले नाही. रस काढणारा मळसूत्री प्रेस आसपास होताच. तथापि तो जसाच्या तसा उचलून चालण्यासारखे नव्हते, आणि ही बाब घाईने सांगितलेल्या हकिगतींतून निसटते. रसाचा प्रेस सावकाश आवळायचा असतो आणि आवळलेला तासन् तास ठेवायचा असतो. छपाईला नेमके उलट हवे: दाब क्षणभराचा, सर्व पृष्ठभागावर सारखा, आणि लगेच सुटणारा, म्हणजे दुसरा कागद ठेवता येईल. शिवाय जुन्या रीतीप्रमाणे कागद मागून घासून छापला तर पाठीमागची बाजू वाया जाते, तेल मिसळलेली दाट शाई आणि वरून पडणारा सरळ दाब यांमुळे कागदाच्या दोन्ही बाजू छापता येऊ लागल्या. नव्या कामासाठी यंत्राची रचना बदलली, चाल बदलली, वेग बदलला. नाव मात्र द्राक्षांच्या मळ्यातून आले तेच राहिले. शब्द पुष्कळदा असेच अवजाराच्या मागोमाग चालत जातात, आणि अवजार कुठल्या कामाला लागले आहे याची त्यांना फिकीर नसते.

हा लाकडी हातप्रेस पुढे जवळजवळ साडेतीनशे वर्षे फारसा बदलला नाही. तासाला दोनशे-अडीचशे कागद हा त्याचा पल्ला. लोखंडी प्रेस अठराव्या शतकाच्या अखेरीला आला, आणि २९ नोव्हेंबर १८१४ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’चा अंक प्रथमच वाफेवर चालणाऱ्या यंत्रावर, तासाला सुमारे अकराशे कागद या वेगाने छापला गेला. मळसूत्राची जागा फिरत्या दंडगोलाने घेतली.

माझ्या एका चुलतकाकांचा भद्रकालीत छापखाना होता, आणि त्यात एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे छोटे छपाईयंत्र, होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, सार्वजनिक गणेशोत्सवाची हँडबिले ही तिथली नेहमीची कामे. जुळारी केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीतून, एकेक खिळा उचलून ओळ लावीत असे, ती गॅली नावाच्या तबकात उतरत असे, आणि चौकटीत ठोकून बसवलेला मजकूर यंत्रावर चढला की काका पहिला कागद काढून तो उजेडासमोर न धरता उलटा करीत आणि पाठीवरून बोटे फिरवीत. अक्षरांचे उंचवटे पाठीमागे लागले, तर दाब जास्त झाला. अक्षर कुठे फिके आले, तर तिथे दाब कमी पडला. मग ते मागच्या पाटावर पातळ कागदाचे तुकडे चिकटवून ती उणीव भरून काढीत. या खटाटोपाला ते ‘मेकरेडी’ म्हणत, आणि त्यात कधी अर्धी सकाळ जाई. ‘अरे, अक्षर कागदावर बसले पाहिजे, कागदात घुसता कामा नये,’ असे ते नव्या पोराला बजावीत. चार ओळींची पत्रिका आणि तिच्यासाठी एवढी तयारी, याचे गिऱ्हाइकाला आश्चर्य वाटे, आणि बिलात ती तयारी कधीच लिहिता येत नसे. ऑफसेट आल्यावर ती कलाच संपली. आता काही हौशी मंडळी मुद्दाम जाड कागदावर खोल ठसा उमटवून पत्रिका छापून घेतात आणि त्या खोलीसाठी जादा पैसे मोजतात. काकांनी तो कागद बिघडला म्हणून बाजूला टाकला असता.

उलट नाशिकरोडला खोल दाबाशिवाय भागत नाही. टपाल तिकिटांची हकिगत आधी सांगतो. १८५४ मध्ये हिंदुस्थानभर चालणारी पहिली तिकिटे कलकत्त्यात छापली गेली; त्यानंतर १८५५ पासून ती लंडनच्या ‘डे ला रू’ कंपनीकडून छापून येऊ लागली आणि हे सत्तर वर्षे चालले. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२५ पासून तिकिटांची छपाई इथे होऊ लागली. १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाला आणि पंचम जॉर्जचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट तिथे छापली गेली. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून येत. फाळणीच्या वेळी या प्रेसने एक विलक्षण काम केले. पाकिस्तानकडे स्वतःची तिकिटे छापण्याची सोय नव्हती, म्हणून सहाव्या जॉर्जच्या भारतीय तिकिटांवरच ‘पाकिस्तान’ हा शब्द नाशिकला वरून छापण्यात आला आणि ती तिकिटे १ ऑक्टोबर १९४७ रोजी तिकडे विक्रीला आली. तिकिटे जमवणारे लोक आजही त्यांना ‘नाशिक ओव्हरप्रिंट’ म्हणतात. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट, तिरंगा आणि ‘जय हिंद’ ही अक्षरे असलेले साडेतीन आण्यांचे, त्यानंतर २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. म्हणजे शेजारी राष्ट्राचे नाव कागदावर उमटवण्याचे काम या शहराने आपल्या झेंड्याच्या तिकिटाआधी सात आठवडे केले. मात्र १९४८ च्या स्वातंत्र्यदिनी निघालेली गांधीजींची तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये छापलेली होती. स्वदेशीच्या पुरस्कर्त्याच्या वाट्याला ही छपाई यावी, यावर तेव्हाही कोणीतरी भुवया उंचावल्या असतीलच.

आता दाबाविषयी. नोटेवरचा काही भाग ज्या पद्धतीने छापतात, तिला इंटॅग्लिओ म्हणतात. ट्रेडलच्या खिळ्यात अक्षर उंच असते आणि शाई त्या उंचवट्याला लागते. इंटॅग्लिओमध्ये धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून खोल केलेल्या असतात, शाई त्या खोलगट रेषांत भरतात, वरचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ करतात, आणि मग कागद प्रचंड दाबाने त्या पत्र्यावर असा चेपतात की तो रेषांच्या आत शिरून शाई उचलून घेतो. छापलेली रेषा म्हणून कागदावर किंचित उठून राहते. शंभर रुपयांपासून पुढच्या नोटांवर महात्मा गांधींचे चित्र, अशोकस्तंभ आणि कडेच्या तिरक्या रेषा या अशा उठावाच्या असतात. शंभराच्या नोटेवर चार तिरक्या रेषा आणि एक त्रिकोण आहे, पाचशेच्या नोटेवर पाच रेषा आणि एक वर्तुळ, आणि दृष्टिहीन माणसाला बोट फिरवून नोट ओळखता यावी हा त्यांचा हेतू आहे. रंगीत झेरॉक्सला रंग साधतो, हा उठाव साधत नाही. भाजीवाली मावशी पाचशेची नोट घेताना अंगठ्याने चाचपते, तेव्हा ती खरे तर किती टनांचा दाब पडला होता याची परीक्षा घेत असते. माझ्या काकांनी जो उठाव दोष म्हणून टाळला, तोच चार-पाच मैलांवरच्या दुसऱ्या प्रेसमध्ये खरेपणाचा पुरावा होता, आणि दोन्ही ठिकाणी बोट कागदावरच फिरत होते.

यंत्राचे नाव माणसांना लागले ते छापील वर्तमानपत्रांमुळे. इंग्रजीत सतराव्या शतकापासून ‘प्रेसचे स्वातंत्र्य’ असा शब्दप्रयोग आढळतो, आणि त्यातला प्रेस आरंभी खरोखरच छापण्याचे यंत्र असे. म्हणजे सरकारी परवान्यावाचून यंत्र चालवण्याची मोकळीक. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तोच शब्द वर्तमानपत्रे आणि ती लिहिणारी मंडळी यांना लावला जाऊ लागला. मराठीने मात्र हा मार्ग धरला नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले आणि तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. प्रेस दिन असे त्याला कोणी म्हणत नाही. आपण यंत्राला छापखाना म्हटले, छापलेल्या वस्तूला वर्तमानपत्र, लिहिणाऱ्याला पत्रकार, आणि तिघांची नावे वेगळी ठेवली. ऐन छपाईच्या वेळी आलेली बातमी इंग्रजी पत्रे ‘स्टॉप प्रेस’ या मथळ्याखाली देत, म्हणजे ‘यंत्र थांबवा’; मराठी पत्रांनी तिला ‘छापता छापता’ असा गोड मथळा दिला. त्यात यंत्र थांबत नाही. मराठी संपादकांना यंत्र थांबवणे परवडत नसावे, असे मला नेहमी वाटते.

यंत्र आणि माणसे यांची ही गल्लत कायद्याने फार हुशारीने वापरली, आणि त्या कथेत नाशिक मध्यभागी आहे. जून १९०९ मध्ये गणेश दामोदर सावरकर, म्हणजे बाबाराव, यांना देशभक्तिपर कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढे काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९१० मध्ये, इंडियन प्रेस अ‍ॅक्ट आला. त्याची तऱ्हा अशी होती, की लेखकाला पकडण्याआधी यंत्राला ओलीस ठेवायचे. नव्या छापखान्याच्या मालकाकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत अनामत घ्यायची. आक्षेपार्ह मजकूर निघाला, तर ती जप्त करायची. त्यानंतर पुन्हा छापायचे असल्यास हजार ते दहा हजारांची दुसरी अनामत. आणि तरीही सुधारणा झाली नाही, तर अनामतीबरोबर छापखानाच सरकारजमा. या कायद्यात प्रेस शब्दाच्या व्याख्येत यंत्रे, खिळे, शिळाछापाचे दगड, हत्यारे असे सगळे सामान मोजलेले आहे. ज्याने एक ओळही लिहिली नाही, त्या छापखानावाल्याच्या पोटावर दाब आणला, की लिहिणाऱ्याचा हात आपोआप थांबतो, हे त्यामागचे गणित होते आणि ते पुष्कळदा बरोबर ठरले. या अनामतीला इंग्रजीत ‘सिक्युरिटी’ म्हणत. त्यानंतर पंधरा वर्षांनी त्याच जिल्ह्यात सरकारने स्वतःचा प्रेस काढला आणि त्याच्या नावात तोच शब्द घातला, तेव्हा त्याचा अर्थ रोखे आणि मुद्रांक असा होता. सरकारी भाषेत विनोद असतोच, तो फक्त कोणी केलेला नसतो.

१९१० चा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. पण छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छापण्याचे ठिकाण असलेच पाहिजे, ही १८६७ च्या कायद्याची अट पुष्कळ टिकली. जुन्या मराठी पुस्तकात ‘हे पुस्तक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून तेथेच प्रसिद्ध केले’ अशी जी ओळ सापडते, ती सौजन्याने घातलेली नसून कायद्याने घालायला लावलेली आहे. १८६७ च्या त्या कायद्याची जागा २०२३ मध्ये केलेल्या नव्या कायद्याने घेतली आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. त्याच्याही नावात प्रेस आहे. बातम्या देणाऱ्या कचेऱ्यांमध्ये मात्र आता प्रेस क्वचितच असतो. पाने संगणकावर लागतात, छपाई दूरच्या औद्योगिक वसाहतीत होते, आणि पुष्कळशा बातम्या कागदावर येतच नाहीत. वाइनरीतले आणि नोटा छापणारे लोक रोज अक्षरशः दाब देतात. ज्यांच्या गळ्यात ‘प्रेस’ असे ओळखपत्र असते, त्यांचे काम पडद्यावर बोट टेकवून होते. २०१७ मध्ये केंद्र सरकारने आपली १७ मुद्रणालये एकत्र करून पाचच ठेवण्याचे ठरवले, तेव्हा त्या पाचांत नाशिकचे राहिले. कागद दाबण्याचे काम कमी झाले तरी नाशिकच्या वाट्याचे शिल्लक आहे.

बाकीचे अर्थ झटपट पाहता येतात. कपड्यांना इस्त्री करणे हा एक. खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये सरकी काढलेला कापूस दाबून १७० किलोची गाठ बांधतात तो दुसरा. ब्लाउजचे प्रेसबटन, ज्याला आपल्या आज्या टिचबटण म्हणत, तो तिसरा. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, कारण घडी केलेले कपडे त्यात दाबून ठेवलेले असत, आणि गरम पाण्याच्या टाकीजवळच्या उबदार कपाटाला तिथले लोक ‘हॉट प्रेस’ म्हणतात. इथे यंत्रही नाही आणि दाबही नाममात्रच आहे.

नातलग मोजायला बसलो तर रात्र सरेल. ‘प्रिंट’ हा शब्दही फ्रेंचमार्गे त्याच प्रेमेरेपासून आला, त्यामुळे ‘प्रिंटिंग प्रेस’ या जोडशब्दात दाबण्याची क्रिया दोनदा आहे. कार्यालयात साहेब कनिष्ठाची जी लेखी कानउघाडणी करतो, ती ‘रेप्रिमांड’ही त्याच घरची, मूळ अर्थ मागे दाबून आवरणे. बंगालच्या उपसागरातले डिप्रेशन आपण ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हणून ओळखतो आणि द्राक्षे काढणीला आली असताना ते नाव बातम्यांत ऐकले की जिल्ह्याची झोप उडते. सर्वांत लांबचा प्रवास ‘एक्सप्रेस’चा आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बाहेर दाबून काढणे. त्यावरून मनातले स्पष्ट शब्दांत बाहेर काढणे. त्यावरून स्पष्ट, नेमका. मग नेमक्या एका कामासाठी पाठवलेला जासूद. मग खास एका कारणासाठी सोडलेली गाडी. आणि खास गाडी मध्ये थांबत नाही म्हणून जलद गाडी. नाशिकरोडहून सकाळी मुंबईला निघणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसच्या पासधारकांच्या डब्यात चढणाऱ्याला मात्र या शब्दाचा पहिला अर्थ, बाहेर नव्हे पण आत दाबला जाण्याचा, तत्काळ उमगतो.

इतके सगळे एकाच मुळाचे निघाले म्हणून जो आणखी एक प्रेस या कुळात बसवावासा वाटतो, तो या कुळातला नाही. ब्रिटिश आरमाराला खलाशी कमी पडत, तेव्हा ‘प्रेस गँग’ नावाच्या टोळ्या बंदरांतल्या गल्ल्यांतून आणि व्यापारी जहाजांवरून माणसे उचलून नेत. अमेरिकी जहाजांवरून माणसे अशी नेल्याची तक्रार हे १८१२ च्या ब्रिटन-अमेरिका युद्धाचे एक कारण होते, आणि नेपोलियनबरोबरची युद्धे १८१५ मध्ये संपल्यावर ही प्रथा थांबली. ऐकणाऱ्याला वाटते, जुलूम म्हणजे दाब, तेव्हा प्रेस हा शब्द इथे शोभतोच. पण त्याचे मूळ रूप ‘प्रेस्ट’ असे होते, आणि ते ‘देणे, पुरवणे’ या अर्थाच्या वेगळ्याच लॅटिन क्रियापदावरून फ्रेंचमार्गे आले. प्रेस्ट म्हणजे आगाऊ दिलेले पैसे. सैन्यात भरती होणाऱ्याच्या हातावर राजाच्या वतीने थोडी रक्कम ठेवायची, आणि ती त्याने घेतली की तो बांधला गेला, अशी रीत होती. पुढे रक्कम नावापुरती उरली, पकडून नेणे तेवढे राहिले, आणि शब्दाच्या शेवटचा उच्चार झिजून तो दाबणाऱ्या प्रेसमध्ये मिसळला. मूळ शब्द मेलेला नाही. सरकारी कचेऱ्यांत किरकोळ खर्चासाठी जी आगाऊ रक्कम हाताशी ठेवतात, तिला अजूनही ‘इम्प्रेस्ट’ म्हणतात, आणि ती लिहिणाऱ्या कारकुनाला आपण आरमाराच्या भरतीचा शब्द वापरत आहोत याची कल्पना नसते.

मराठीत या प्रेस्टला नेमका शब्द आहे: उचल. दिवाळीच्या आधी मुकादम ऊसतोडीच्या जोडप्याला एकरकमी उचल देतो, त्या जोडप्याला एक कोयता म्हणून मोजतात, आणि हंगामभर तोडलेल्या उसाच्या मजुरीतून ती उचल वळती होते. वळती होऊन काही उरले तर हिशेब, नाहीतर बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि ती बाकी असेपर्यंत दुसऱ्या मुकादमाकडे जाता येत नाही. मोठे इंग्रजी कोश या दोन प्रेसना वेगवेगळ्या नोंदी देतात आणि ते शास्त्राला धरून आहे. ज्या खलाश्यांनी प्रेस्टचा प्रेस केला त्यांची चूक मात्र मला मान्य करता येत नाही. हातावर ठेवलेला पैसा दाबाचे काम करतो, हे त्यांना व्युत्पत्ती न शिकता कळले होते, आणि सिन्नर-नांदगावच्या बाजूने कोयते भरून निघालेल्या ट्रॅक्टरांतल्या कोणालाही ते समजावून सांगावे लागत नाही.